सीडीवर नाव कुठे लिहायचं आणि कशाने?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं बाबाजीपुऱ्यात भजनी मंडळ होतं. त्या भजनांची रेकॉर्डिंग्ज आमच्याकडे ११० ऑडिओ सीडी आणि ३० डीव्हीडींवर आहेत. बहुतेक २००३ ते २०११ मधली, सगळी घरीच राइट केलेली. काहींवर कागदी गोल स्टिकर आहेत, पावसाळ्यात त्यांच्या कडा सुटतात. काहींवर छोटे चौकोनी स्टिकर चिकटवलेत. आठ-दहांवर कुणीतरी बॉलपेनने लिहिलंय. उरलेल्या कोऱ्याच, लावून ऐकल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. भाचा म्हणतो, सगळे स्टिकर सोलू, जुनी नावं थिनरने पुसू आणि एकसारखी नवी नावं घालू. शिवाय गणपतीत मंडळींना द्यायला ५० प्रती करायच्या आहेत, त्यांवर सासऱ्यांचा फोटो हवा. पेन कोणतं घ्यावं, स्टिकर कोणता? ठराविक दोन-तीन सीडी लावल्या की ड्राइव्ह घरघरतो, तो का? – एक वाचक, बडोदे

उत्तर : ताई, नमस्कार. थिनर आणि सोलणं, दोन्ही बेत आजच थांबवा. या १४० तबकड्यांना आजवर जेवढा धोका झाला असेल, त्याहून मोठा धोका त्या एका दुपारच्या साफसफाईत आहे. भाच्याची मदत हवीच आहे, पण कामं वेगळी आहेत, ती पुढे सांगतो.

सगळा गोंधळ एका समजुतीतून होतो. सीडीची चकचकीत बाजू नाजूक आणि वरची, नाव लिहायची बाजू टणक, असं बहुतेकांना वाटतं. सीडीच्या बाबतीत नेमकं उलट आहे. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि ही जवळजवळ सगळी जाडी पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची. त्यावर, म्हणजे नावाच्या बाजूला, रंगद्रव्याचा थर असतो, ज्यात लेझरने खुणा उमटतात. त्यावर चांदीसारख्या धातूचा परावर्तक थर, तोही ५० ते १०० नॅनोमीटरचाच. आणि त्यावर लॅकरचा, म्हणजे वार्निशसारख्या लेपाचा, काही मायक्रॉनचा पापुद्रा. बस्स. तुमचं पेन आणि सासऱ्यांचं भजन यांच्यामध्ये फक्त तो पापुद्रा आहे.

खालच्या बाजूच्या ओरखड्याचं एवढं बिघडत नाही, कारण लेझर त्या पृष्ठभागावर एकवटलेला नसतो. तिथे त्याचा ठिपका पाऊण-एक मिलिमीटरचा पसरट असतो, बारीक चरा त्यात विरून जातो. प्रकाश एकवटतो तो आत, धातूच्या थरापाशी. म्हणून वरून धातूला गेलेला बारीक तडा थेट डोळ्यात भरतो. खालचा चरा पॉलिश करून घालवता येतो. वरून उडालेला धातू पुन्हा बसवता येत नाही, कारण त्याच्याबरोबर रंगद्रव्य, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच, निघून गेलेलं असतं.

डीव्हीडीची रचना वेगळी. तिच्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहितीचा थर मधोमध असतो. त्यामुळे वरून लिहिलेलं तिला तेवढं लागत नाही. पण डीव्हीडीवरच्या खुणा सीडीपेक्षा बऱ्याच बारीक आणि दाट असतात, तेव्हा चकती किंचित वाकडी झाली किंवा थरथरली तरी वाचन बिघडतं. थोडक्यात, सीडीचा शत्रू टोकदार पेन आणि सॉल्व्हंट (थिनरसारखं विरघळवणारं द्रव्य), तर डीव्हीडीचा शत्रू स्टिकर. ब्लू-रेमध्ये माहिती चकचकीत बाजूपासून ०.१ मिलिमीटरवर असते, म्हणून तिथे खालची बाजू सांभाळायची. तुमच्याकडे त्या नाहीत, एवढं पुरे.

आता पेन. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने २००३ साली सीडी-डीव्हीडी जपण्याची एक मार्गदर्शिका काढली. तिचा कल स्पष्ट आहे: मऊ फेल्टच्या टोकाचा, पाण्यावर आधारलेल्या शाईचा कायम टिकणारा मार्कर सर्वांत बरा. अल्कोहोलच्या शाईचे मार्कर त्याखालोखाल, त्यांचा त्रास सहसा होत नाही. झायलीन आणि टोल्युईन असलेले मार्कर मात्र हातात घेऊ नयेत. खोक्यांवर, पिंपांवर लिहायला जाड तिरप्या टोकाचे, झाकण काढताच नाकात जाणारे मार्कर मिळतात, ते हेच. हे सॉल्व्हंट लॅकर मऊ करतं, सावकाश आत झिरपतं आणि परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. म्हणून ‘मी कायम याच पेनने लिहितो, काही होत नाही’ या सांगण्यावर विसंबू नका.

रावपुऱ्यातल्या कुठल्याही बऱ्या स्टेशनरीवाल्याकडे ‘सीडी मार्कर’ किंवा ‘ओएचपी मार्कर’ मागा, बारीक टोकाचा, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. ओएचपी मार्करमध्ये पुसता येणारे आणि न पुसणारे असे दोन प्रकार येतात, त्यातला ‘परमनंट’ लिहिलेला घ्या. झाकण काढून हुंगून बघा. रंगाच्या दुकानासारखा उग्र वास आला तर परत करा. काळा किंवा निळा रंग घ्या. सोनेरी-चंदेरी ‘मेटॅलिक’ मार्कर दिसायला सुंदर, पण त्यांची शाई बऱ्याचदा झायलीनची असते.

काय वापरायचं नाही, तेही घाईने सांगून टाकतो. बॉलपेन, पेन्सिल आणि टोकदार जेलपेन नको, कारण टोकाचा दाब लॅकरखालचा धातू चेपतो. मुलांचं स्केचपेन निरुपद्रवी असतं, पण चकचकीत लॅकरवर टिकत नाही, बोटाला लागून पुसलं जातं. करेक्शन फ्लुइड आणि नेलपॉलिश ही दोन्ही सॉल्व्हंटच. रबरी शिक्का दाबून मारावा लागतो आणि त्याच्या शाईत काय आहे ते सांगता येत नाही. सेलोटेप लावायची नाही, फेव्हिकोलने कागद तर अजिबात नाही.

पण पेन कितीही चांगलं आणलं, तरी कुठे लिहायचं हा प्रश्न पेनापेक्षा मोठा आहे. सीडीच्या मधलं भोक १५ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्याभोवती एक पारदर्शक किंवा धुरकट कडं दिसतं. केंद्रापासून सुमारे २२ मिलिमीटरपर्यंत या पट्ट्यात कसलीही माहिती नसते. लेझरचं काम त्याच्या बाहेर सुरू होतं. तेव्हा तिथे लिहिलेलं कशालाच बाधत नाही, अगदी चुकीची शाई असली तरी. तबकडीवरची लिहायची खरी सुरक्षित जागा तीच.

जागा अर्थातच चिंचोळी आहे, तिथे ‘आषाढी एकादशी, विठ्ठल मंदिर’ मावणार नाही. मावायचं कारणही नाही. तिथे फक्त क्रमांक लिहा: ‘भ-०१७’. दुसरी प्रत असेल तर ‘भ-०१७-२’. बाकी सगळं नोंदवहीत आणि केसमधल्या कागदावर. वस्तूवर क्रमांक आणि तपशील वहीत, ही ग्रंथालयाची रीत बडोद्याला कुणी शिकवायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावलं आणि संस्थानभर ग्रंथालयं उभी केली, ती याच शिस्तीवर चालली. क्रमांकाचा आणखी एक फायदा: नंतर कळलं की या सीडीत एकादशीचं नाही, रामनवमीचं भजन आहे, तर दुरुस्ती वहीत होते. तबकडीवर खाडाखोड करावी लागत नाही.

कड्यात लिहिताना ही काळजी घ्या. तबकडी टेबलावर उघडी ठेवू नका. धुतलेल्या मऊ सुती कापडाची घडी पसरा, चकचकीत बाजू खाली ठेवा, एका हाताच्या बोटांनी कडा धरा. मार्कर टेकवायचा, दाबायचा नाही. पहिल्यांदा एखाद्या बिघडलेल्या सीडीवर लिहून बघा, तीन-चार मिनिटांनी बोट फिरवा. पुसलं गेलं तर मार्कर बदला. अल्कोहोलची शाई दोन-तीन मिनिटांत वाळते, पाण्याच्या शाईला पावसाळी हवेत बराच वेळ लागू शकतो. पूर्ण वाळल्याशिवाय केस बंद करू नका आणि तबकड्या एकमेकींवर रचू नका, नाहीतर एकीचा क्रमांक दुसरीच्या चकचकीत बाजूवर उमटतो. ड्राइव्हमधून नुकतीच बाहेर आलेली तबकडी गरम असते, ती निवू द्या. कड्यात कंपनीचा छापील सांकेतिक क्रमांक असेल तर त्यावर लिहू नका, कधी एका बॅचमधल्या तबकड्या एकदम बिघडू लागल्या तर बाकीच्या ओळखायला तो उपयोगी पडतो.

काही तबकड्यांवर वरची सगळी बाजू पांढरी मॅट असते, अगदी भोकाजवळपर्यंत. त्या छापण्यासाठी बनवलेल्या. पारदर्शक कडं दिसलं नाही तरी मधला भाग तोच असतो, त्या पांढऱ्यावर भोकालगत क्रमांक घाला.

आता तुमच्या सध्याच्या स्टिकरांकडे येऊ.

स्टिकर सोलायचा नाही. सुटू लागलेलाही नाही. कागदाचा गोंद लॅकरला घट्ट धरतो आणि लॅकरला धातू चिकटलेला असतो. कडा उचलून ओढली की सगळा जोर त्या एका रेषेवर येतो आणि स्टिकरबरोबर धातूचे पापुद्रे निघतात. तबकडी ट्यूबलाइटसमोर धरली तर त्या जागी आरपार दिसतं. गरम पाणी, हेअर ड्रायर, खोबरेल तेल, रॉकेल यांतलं काहीही करून हे टळत नाही. उष्णतेने पॉलिकार्बोनेट वाकतं आणि रॉकेल-तेल कडेने थरांमध्ये शिरतं.

मग स्टिकर वाईट का, तर तीन कारणांनी. कागद पावसाळ्यात ओल शोषून फुगतो, मे महिन्यात बडोद्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आक्रसतो. खालचं प्लास्टिक त्याच प्रमाणात हलत नाही, म्हणून दरवर्षी तबकडी थोडी थोडी वाकते. दुसरं, गोंद म्हातारा होतो. काही ठिकाणी सुकून सुटतो, काही ठिकाणी पातळ होऊन पसरतो. तिसरं कारण वजनाचं. घरातला सीडी प्लेअर तबकडी मिनिटाला २०० ते ५०० फेरे फिरवतो, त्यामुळे तिथे काही जाणवत नाही. संगणकाचा ५२एक्स, म्हणजे साध्या प्लेअरच्या बावन्न पटीपर्यंत वेगाने वाचणारा, ड्राइव्ह मात्र सुमारे दहा हजार फेऱ्यांपर्यंत जातो. मधोमध न बसलेला गोल स्टिकर किंवा एका बाजूचा चौकोनी तुकडा एवढ्या वेगात चाकातल्या असमतोल वजनासारखा काम करतो. तुमच्या ड्राइव्हची घरघर बहुधा हीच आहे. त्या दोन-तीन सीडी बाहेर काढून बघा: एक तर त्यांवर चौकोनी स्टिकर असेल, नाहीतर गोल स्टिकर एका बाजूला सरकलेला असेल. स्टिकर नसूनही घरघर येत असेल, तर तबकडी काचेवर सपाट ठेवून कडेखाली फट दिसते का ते बघा. फट दिसली तर ती वाकली आहे. बाकीच्या सीडी शांत चालतात, तेव्हा ड्राइव्हला दोष देण्याचं कारण नाही.

आणखी एक खूण ध्यानात ठेवा. सीडी आतून बाहेर अशी भरली जाते. पहिलं भजन भोकाजवळ, शेवटचं कडेला. वाकणं आणि थरथर कडेलाच जास्त. म्हणून एखादी सीडी सुरुवातीला छान वाजते आणि शेवटची दोन भजनं अडखळतात, तर ती स्टिकरची किंवा वाकण्याची तक्रार आहे असं समजा आणि तिला रांगेत पुढे आणा.

रांग कसली? प्रती काढण्याची. नावं लिहिण्याआधीचं काम हेच आहे आणि भाच्याला ते सोपवा. ही भजनं दुसरीकडे कुठेही नाहीत. बाजारातली सीडी गेली तर पुन्हा मिळते, मंडळाची घरगुती बैठक मिळत नाही. १८८६ साली गायक मौलाबक्ष यांची गायनशाळा ज्या शहरात सुरू झाली, तिथल्या मराठी घरांत कसं गायलं जात होतं, याचा पुरावा अशाच कपाटांत आहे. तेव्हा लेबलाची चिंता नंतर, आधी आवाज दुसरीकडे उतरवून घ्या.

क्रम असा ठेवा. ज्यांचे स्टिकर सुटू लागलेत त्या आधी. मग घरघरणाऱ्या. मग बॉलपेनवाल्या सीडी. मग कोऱ्या आणि शेवटी धडधाकट.

सुटलेल्या कडेची तबकडी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी स्वच्छ कापडातून बोटाने आतून बाहेर हलकेच दाबून बसवा. नवा गोंद लावू नका. बसतच नसेल, वर लोंबत असेल, तर लोंबणारा तेवढा भाग लहान कात्रीने तबकडीला समांतर कापून टाका, खेचू नका. मध्ये फुगा आला असेल तर तो टाचणीने फोडायचा मोह होतो, तो आवरा, टाचणी धातूत जाईल. अशी तबकडी ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्येच घालायची. फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये किंवा गाडीच्या प्लेअरमध्ये स्टिकर अडकला की तबकडी आणि यंत्र दोन्ही गेलं. वाचनाचा वेग कमी करा, ४एक्स किंवा ८एक्स. बऱ्याच प्रोग्रामांत ही सोय असते.

ऑडिओ सीडी उतरवायला विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा मोफत प्रोग्राम उत्तम. शंका आली तर तो तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो आणि कुठे वाचता आलं नाही ते शेवटी लिहून देतो. एमपी३ करू नका. एमपी३ मोबाइलवर ऐकायला नंतर केव्हाही करता येते, पण तिच्यात गेलेला आवाज परत येत नाही. फ्लॅक या प्रकारच्या फायली ठेवा, त्यात काही हरवत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. डीव्हीडी असेल तर ‘इमेजबर्न’ या प्रोग्रामने तिची पूर्ण आयएसओ प्रतिमा, म्हणजे अख्ख्या तबकडीची एकाच फाइलमधली नक्कल, काढा, आतल्या एक-दोन फायली उचलून भागत नाही. संगणक एखादी सीडी ओळखतच नसेल तर जुना घरगुती सीडी प्लेअर शोधा, मंद वेगामुळे तो कधीकधी ती वाजवतो. मग त्याच्या लाइन-आउटमधून संगणकात रेकॉर्ड करून घेता येतं.

जागेचा हिशेब सोपा आहे. ८० मिनिटांची पूर्ण भरलेली ऑडिओ सीडी म्हणजे साधारण ८५० एमबी. ११० सीडींचे जास्तीत जास्त ९४ जीबी, ३० डीव्हीडींचे ४.७ जीबीप्रमाणे १४१ जीबी. फ्लॅक न करताही सगळं मिळून २३५ जीबी होतं. एक टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये आरामात मावेल. मात्र हार्ड डिस्क एक नको, दोन घ्या, आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी किती घरांत शिरलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत.

बॉलपेनने लिहिलेल्या सीडींवर आता वरून मार्करने गिरवू नका. चेपायचं होतं तेवढं चेपलं गेलंय. दिव्यासमोर धरून अक्षरांच्या रेषा आरपार दिसतात का ते पाहा. दिसल्या तर ती सीडी रांगेत आणखी पुढे. डीव्हीडीवर बॉलपेन असेल तर एवढी काळजी नको.

जुनी नावं चुकीची असली तरी पुसू नका. थिनरमध्ये जे असतं त्याने लॅकर विरघळतं, आणि तेच खाली ओघळून चकचकीत बाजूला लागलं की पॉलिकार्बोनेट पांढुरकं होऊन त्याला बारीक भेगा पडतात. ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांचंही तेच. सासऱ्यांच्या किंवा मंडळातल्या कुणाच्या हस्ताक्षरातलं नाव असेल तर ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या, चुकलेल्या तारखेसकट, आणि शेजारी तुमची दुरुस्ती लिहा. तीही नोंदच आहे. चकचकीत बाजूला बोटांचे डाग असतील तर मऊ कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. गोल चरा रेकॉर्डिंगच्या रेषेबरोबर जातो आणि सलग माहिती खातो, आडवा चरा फक्त तेवढ्यापुरता अडथळा होतो आणि प्लेअरची चूक-सुधारणा तो भरून काढते. नावाच्या बाजूला अल्कोहोलही नको.

नोंदवहीत रकाने फार वाढवू नका, वाढवले की भरले जात नाहीत. क्रमांक, सीडी की डीव्हीडी, तबकडीवर जे लिहिलेलं सापडलं ते शब्दशः, आत प्रत्यक्षात काय आहे, गाणारे-वाजवणारे कोण, हार्ड डिस्कवरच्या फोल्डरचं नाव, शेवटचं कधी वाजवून पाहिलं. फोल्डरचं नावही ‘भ-०१७’ असंच ठेवा. गाणारे कोण हा रकाना मंडळातली जुनी माणसं बसवून भरून घ्या, आवाज ओळखणारे आज आहेत. वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून हार्ड डिस्कवर टाका.

केसमधला कागद मोठा हवा तेवढा करा, हौस सगळी तिथे फेडा. मऊ पीव्हीसीचे ‘पॉकेट’ असलेले अल्बम मात्र टाळा. त्यातलं प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य सुटून तबकडीला चिकटतं, उन्हाळ्यात तर लवकरच. कडक प्लास्टिकची साधी ज्वेल केस उत्तम, ती पुस्तकासारखी उभी ठेवायची. पश्चिमेची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेलं कपाट नको. ओलीसाठी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर बदला. ऊन तर तबकडीला लागूच देऊ नका, रंगद्रव्य उन्हाने उडतं.

राहिल्या वाटायच्या ५० प्रती. इथे फोटो छापायला हरकत नाही, कारण मूळ आवाज हार्ड डिस्कवर सुरक्षित आहे आणि प्रत बिघडली तर दुसरी देता येते. तरीही स्टिकर नकोच, कुणी गाडीत लावेल. ‘इंकजेट प्रिंटेबल’ लिहिलेल्या पांढऱ्या मॅट सीडी घ्या आणि सीडीचा ट्रे असलेल्या प्रिंटरवर छापा. एप्सनच्या एल८०५ मध्ये तो येतो, फोटो स्टुडिओवाल्यांकडे असे प्रिंटर सापडतील. आधी सीडी राइट करा, ‘व्हेरिफाय’ची खूण ठेवूनच, १६एक्सच्या आसपासच्या वेगाने. त्या वाजतात याची खात्री झाल्यावरच छापा, म्हणजे फुकट गेलेल्या सीडीवर शाई वाया जात नाही. राइट करताना हात फक्त कडेला आणि भोकाला लागू द्या, पांढऱ्या बाजूला बोटाचं तेल लागलं तर तिथे शाई धरत नाही.

छपाईत चुकतं ते मापात. पांढरा भाग पट्टीने मोजा. भोकाजवळपर्यंत पांढरी असेल तर आतला व्यास २२-२३ मिलिमीटर, जुन्या धाटणीची असेल तर ४२ ते ४६. बाहेरचा व्यास ११६ ते ११८ ठेवा. मोजल्याशिवाय छापलंत तर शाई पारदर्शक प्लास्टिकवर पडते, वाळत नाही आणि पुढे सगळीकडे लागते. पहिला छाप तबकडीच्या मापाने कापलेल्या कागदावर काढा, फोटोतला चेहरा भोकात जात नाही ना ते कळेल. चेहरा डावीकडे किंवा वर घ्या. पूर्ण काळी किंवा गडद लाल पार्श्वभूमी नको. एवढी शाई ओली राहते आणि मॅट थराला ओढते. फिकट पार्श्वभूमी, खाली दोन ओळी: मंडळाचं नाव, रेकॉर्डिंगचं साल. छापल्यावर किमान २४ तास सुट्या सुट्या वाळवा, पंख्याखाली पण धुळीत नाही. गणपती म्हणजे भर पावसाळा, तेव्हा दोन दिवस धरा. ही शाई पाण्याने पसरते, म्हणून ओल्या हातांनी, प्रसादाच्या ताटावर ठेवून द्यायचं टाळा, पाकिटातच द्या. काही जुन्या ड्राइव्हमध्ये लेझरनेच वरच्या बाजूला चित्र कोरायची लाइटस्क्राइबची सोय होती. त्या तबकड्या आता क्वचितच मिळतात आणि चित्र उजेडात फिकं पडतं, तिच्या मागे लागू नका.

पुराच्या पाण्याचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण बडोद्यात तो सांगून ठेवायलाच हवा. कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा या तबकड्यांना देऊ नका. पाणी शिरलंच तर भिजलेली केस लगेच उघडा, कागद वेगळा काढा, नाहीतर तो तबकडीला चिकटून वाळतो आणि मग सोलण्याचीच पाळी येते. तबकडीवरचा गाळ पुसायचा नाही, त्यात वाळू असते. स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेखाली तो वाहू द्या, मग भांड्यांच्या रॅकमध्ये उभी करून सावलीत वाळवा. स्टिकरवाल्या तबकड्या अशा वेळी सर्वांत आधी उचलायच्या, कारण ओला कागद फुगला की त्या लवकर जातात.

या आठवड्यात एवढंच करा. १४० तबकड्या कापडावर मांडून कडा सुटलेल्या, घरघरणाऱ्या आणि बॉलपेनवाल्या अशा तीन थप्प्या केसमध्येच वेगळ्या काढा, क्रमांक देण्याआधी प्रत्येकीच्या वरच्या बाजूचा मोबाइलवर फोटो घ्या, आणि पहिल्या थप्पीतली पहिली सीडी ८एक्सवर उतरवायला लावा.